बोका, ग्रह, कोन आणि शेअर बाजाराचं भाकीत

धागाकर्ता: पाटीवरचा_खडू

२०१२ साली लंडनच्या 'ऑब्झर्व्हर' वृत्तपत्राने गुंतवणुकीची एक स्पर्धा घेतली. एका गटात या धंद्यात मुरलेले व्यावसायिक, दुसऱ्या गटात शाळेतली मुलं आणि तिसरा स्पर्धक ऑर्लँडो नावाचा बोका. प्रत्येकाच्या नावावर ५,००० पौंड. दर तिमाहीला शेअर बदलायची मुभा. बोक्यासाठी आकड्यांच्या चौकटी आखलेल्या होत्या आणि प्रत्येक आकड्यामागे एक कंपनी होती. त्याने खेळण्यातला उंदीर उडवायचा, तो ज्या चौकटीत पडेल तो शेअर घ्यायचा. सप्टेंबरअखेर व्यावसायिक पुढे होते. वर्ष संपलं तेव्हा त्यांच्याकडे ५,१७६ पौंड ६० पेन्स होते आणि बोक्याकडे ५,५४२ पौंड ६० पेन्स.

बोक्याला भविष्य दिसतं, असं कुणी म्हटलं नाही. सगळे हसले आणि विषय संपला. पण हेच आकडे एखाद्या कुंडलीखाली किंवा कोनांच्या जाळीखाली छापून आले असते, तर त्यावर शिकवणीचे वर्ग निघाले असते. मला या विषयाचं वेड आहे ते याच कारणासाठी. बाजारात निव्वळ योगायोगाने बरोबर येणं फार सोपं आहे, आणि म्हणून इथे कुठलीही पद्धत उपाशी मरत नाही.

या पद्धतींची मजा घ्यायची तर आधी त्यांच्यामागच्या माणसांना मूर्ख समजणं सोडावं लागतं. माझं आवडतं उदाहरण विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांचं. एकोणिसाव्या शतकातल्या अव्वल अर्थशास्त्रज्ञांपैकी हा माणूस. सीमान्त उपयोगितेचा (एखादी वस्तू आणखी एक मिळाली तर समाधान किती वाढतं, याचा) विचार ज्या मोजक्या लोकांनी अर्थशास्त्रात आणला, त्यांच्यातला एक. १८७५ च्या सुमारास त्यांच्या डोक्यात सूर्यावरचे डाग शिरले. डाग ठरावीक चक्राने वाढतात आणि कमी होतात, व्यापारातली अरिष्टंही काही वर्षांच्या अंतराने येतात, मग या दोन्हींचा संबंध असणारच. सूर्याची उष्णता कमीजास्त झाली की पीक कमीजास्त येईल, पिकावरून धान्याचे भाव ठरतील आणि भावांवरून व्यापार. कल्पना म्हणून यात काहीच वेडगळ नाही.

अडचण पुढे आली. इंग्लंडच्या धान्यात हे चक्र नीट सापडेना. मग जेव्हन्स भारताकडे वळले आणि दिल्लीतले गव्हाचे जुने भाव तपासू लागले. तर्क असा की भारतात पीक चांगलं आलं तर तिथल्या लोकांकडे इंग्लंडचा माल घ्यायला पैसा राहतो. आणखी एक अडचण होती. डागांचं चक्र तोवर सुमारे ११.१ वर्षांचं मानलं जात होतं आणि अरिष्टांचं अंतर त्याहून कमी भरत होतं. तेवढ्यात ब्राउन या खगोल अभ्यासकाचा १०.४५ वर्षांचा नवा अंदाज त्यांच्या हाती आला. अठराव्या शतकातली काही संशयास्पद अरिष्टंही यादीत घेतल्यावर जेव्हन्स यांना अरिष्टांमधलं सरासरी अंतर मिळालं १०.४६६ वर्षं! १८७८ मध्ये त्यांनी हे 'नेचर'मध्ये मांडलं. दशांश चिन्हापुढे इतकं जुळल्यावर कुणाला मोह होणार नाही? पण डागांच्या चक्राची सरासरी आज पुन्हा ११ वर्षांच्या आसपासच धरतात आणि एकेक चक्र ९ ते १४ वर्षांचंही असू शकतं. जेव्हन्स यांनी लबाडी केली नव्हती. आकडा जुळला नाही की ते पुढे शोधत राहिले आणि जुळला की थांबले, एवढंच. माझ्या मते या धाग्यातल्या सगळ्या पद्धतींचं इंगित याच थांबण्यात आहे.

दुसरा मोठा माणूस डब्ल्यू. डी. गॅन (१८७८ ते १९५५). आजही याच्या नावाने शिकवण्या चालतात. १९०९ मध्ये अमेरिकेतल्या 'टिकर' मासिकाने त्याच्यावर लेख छापला. एका महिन्यात केलेल्या २८६ सौद्यांपैकी २६४ फायद्यात आणि फक्त २२ तोट्यात, असा त्यात दावा होता. इथूनच दंतकथा सुरू झाली. त्याची साधनं म्हणजे कोन, वर्तुळं, अंकांचं चौकोनी चक्र आणि ग्रहांची स्थिती. यातला ४५ अंशांचा कोन तुम्ही स्वतः करून बघाच. संगणकावर कुठल्याही शेअरचा चार्ट उघडा, तळापासून ४५ अंशांची रेषा मारा आणि मग चार्ट आडवा ताणा. रेषा भावांच्या त्याच बिंदूंना धरून राहते, पण कोन ४५ चा ३० होतो. आता उभा ताणा, तोच ६० होईल. म्हणजे कोन बाजारात नव्हताच, तो आपल्या पडद्यावर होता. गॅनपंथी यावर सांगतात की एक दिवस बरोबर एक अंक असं प्रमाण धरायचं. पण निर्देशांक १०० वर असताना एक अंक म्हणजे एक टक्का, आणि २०,००० वर असताना तोच एक अंक खिजगणतीतही नसतो. मग प्रमाण दहा धरायचं की शंभर? इथे प्रत्येकाचं उत्तर वेगळं असतं, आणि जे बसतं ते बरोबर ठरतं.

अलेक्झांडर एल्डर हे मनोविकारतज्ज्ञ आणि ट्रेडर गॅनच्या मुलाला भेटले होते. मुलगा बॉस्टनमधल्या एका बँकेत विश्लेषक होता. वडिलांचा संसार ट्रेडिंगवर चालत नव्हता, अभ्यासक्रम लिहून विकण्यावर चालत होता, असं त्याने सांगितल्याचं एल्डर लिहितात. घर धरून मागे राहिलेली मालमत्ता एक लाख डॉलरच्या थोडी वर होती.

बाकीच्या पद्धती पटापट सांगतो. डोनाल्ड ब्रॅडली यांनी १९४८ मध्ये ग्रहांच्या परस्परकोनांना गुण देऊन त्यांचा आलेख काढला, तो आजही दरवर्षी नव्याने काढला जातो. स्कर्टची लांबी आणि तेजीचा संबंध गेलं जवळपास शतकभर सांगितला जातो. अमेरिकन फुटबॉलच्या सुपर बोलमध्ये कोणत्या गटाचा संघ जिंकतो त्यावरून वर्षाची तेजी-मंदी सांगायची कल्पना क्रीडापत्रकार लिओनार्ड कॉपेट यांनी १९७८ मध्ये गमतीने मांडली. ती कित्येक वर्षं इतकी बरोबर येत गेली की लोक गंमत विसरले. २००८ च्या सुरुवातीला न्यूयॉर्क जायंट्स जिंकले, म्हणजे नियमाप्रमाणे वर्ष तेजीचं. त्या वर्षी डाऊ जोन्स हा अमेरिकेतला शेअर निर्देशांक सुमारे ३४ टक्के आपटला.

तुम्हाला भेटलेल्या पद्धती लिहा. ज्यांचा अशा एखाद्या पद्धतीवर विश्वास आहे त्यांनीही जरूर लिहावं, त्यांच्याशी बोलायची मला जास्त उत्सुकता आहे.

---

रेषाबहाद्दर:
लेख आवडला, पण फिबोनाचीच्या अंकमालेला (१, १, २, ३, ५, ८... आधीच्या दोन अंकांची बेरीज म्हणजे पुढचा अंक) आणि तिच्या गुणोत्तरांना हात लावला नाहीत, म्हणून मीच लावतो. मी रोज ट्रेड करतो. भाव वर जाऊन परत फिरला की ३८.२, ५० आणि ६१.८ टक्क्यांच्या पातळ्यांवर माझं लक्ष असतं. यात जादू नाही. हजारो लोक त्याच पातळीकडे बघतात, तिथे ऑर्डरी लावतात, म्हणून भाव तिथे थबकतो. हे गूढ कसं?

पाटीवरचा_खडू:
रेषाबहाद्दर, तुमचा मुद्दा बिनतोड वाटतो, आणि तो तपासताही येतो. तो तपासला गेला आहे. बॅचलर आणि राम्यार या दोन अभ्यासकांनी २००६ मध्ये डाऊ जोन्सचे चढउतार मोजून पाहिले. वळणं फिबोनाचीच्या गुणोत्तरांवर जास्त येतात असं त्यांना आढळलं नाही. सगळे बघतात म्हणून भाव थबकत असता, तर ते या मोजणीत दिसलं असतं.

शिवाय पातळ्या किती आहेत बघा: २३.६, ३८.२, ५०, ६१.८, ७८.६. यातली ५० तर फिबोनाचीच्या गुणोत्तरांत येतही नाही. प्रत्येक पातळीच्या दोन्ही बाजूंना तीन टक्क्यांची सूट द्या. तळापासून शिखरापर्यंतच्या पूर्ण पट्ट्याचा ३० टक्के भाग झाकला जातो. भाव डोळे मिटून वळला तरी तीनात जवळपास एकदा 'पातळीवर वळला' असं म्हणता येईल. त्यातही पट्टा कुठल्या तळापासून कुठल्या शिखरापर्यंत धरायचा ते आपणच ठरवतो.

जाता जाता: ही अंकमाला पिसाच्या लिओनार्दोने, म्हणजेच फिबोनाचीने, १२०२ मध्ये सशांच्या गणितात मांडली. पण हेमचंद्राचार्यांनी ती त्याच्या साधारण अर्धशतक आधी, लघुगुरूंच्या रचना मोजताना सांगितली होती. वृत्तं मोजायला ती अचूक आहे.

रेषाबहाद्दर:
पट्ट्याच्या निवडीचं मान्य. एकाच चार्टवर तिघांनी तीन पट्टे मारलेले मी रोज बघतो. पण मला या पातळीचा उपयोग स्टॉप लॉस (भाव ठरलेल्या पातळीखाली गेला की विकून बाहेर पडायची ऑर्डर) लावायला होतो. कुठेतरी लावावा लागतोच, आणि रेषा आखलेली असली की मी तो ऐन वेळी हलवत नाही. तेवढ्यासाठी मी ती सोडणार नाही.

पाटीवरचा_खडू:
सोडूही नका. तोटा किती सोसायचा हे आधी ठरवून पाळणं हा खरा फायदा आहे, आणि तो तुम्हाला मिळतोय. भाव तिथून फिरेल हा दावा तेवढा वेगळा ठेवा.

शंकेखोर:
एलियट वेव्हवाले (बाजार ठरावीक लाटांत चालतो असं मानून त्या मोजणारे) १९८७ ची पडझड ओळखू शकले होते ना?

पाटीवरचा_खडू:
हो. त्यांच्यातल्या रॉबर्ट प्रेक्टर यांनी त्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला बाजाराबाहेर राहा असं सांगितलं होतं, आणि १९ ऑक्टोबरला डाऊ एका दिवसात २२.६ टक्के पडला. त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. याच प्रेक्टर यांनी २०१० मध्ये, डाऊ दहा हजारांच्या थोडा खाली असताना, तो काही वर्षांत एक हजाराच्याही बराच खाली जाईल असं सांगितलं. जानेवारी २०१७ मध्ये डाऊने २०,००० ओलांडले. पहिलं भाकीत सगळ्यांना पाठ असतं. दुसरं धरून ज्यांनी सगळे शेअर विकले, त्यांची आठवण कुणी काढत नाही.

वक्रीमार्गी:
मी ज्योतिषाचा अभ्यास करतो आणि तो मनापासून करतो. तुम्ही टिंगल केली नाहीत म्हणून लिहितो. बुध हा व्यापाराचा कारक. तो वक्री असताना करार फिसकटतात आणि बाजार बेभरवशाचा होतो. तुम्हीच १९ ऑक्टोबर १९८७ चा उल्लेख केलात. पंचांग उघडून बघा, बुध तीनच दिवस आधी वक्री झाला होता.

आकडेमोड:
वक्रीमार्गी, तुमची तारीख बरोबर आहे, मी पडताळली. आता दुसरी तारीख घ्या: १६ मार्च २०२०. डाऊ एका दिवसात जवळपास १३ टक्के पडला. १९८७ नंतरची ही सर्वांत मोठी एकदिवसीय घसरण. बुध मात्र १० मार्चलाच मार्गी, म्हणजे पुन्हा सरळ, झाला होता.

वक्रीमार्गी:
मार्गी झाल्यावरही काही दिवस छायेचा काळ असतो. १६ मार्च त्यात येते. वक्री होण्याआधीही छाया असते.

आकडेमोड:
मग एवढंच गणित करू. बुध वर्षात तीनदा, क्वचित चारदा वक्री होतो, दर वेळी साधारण तीन आठवडे. म्हणजे वर्षातला सुमारे पाचवा हिस्सा. बाजारात कुठलीही मोठी घसरण आली तर ती निव्वळ योगायोगाने वक्री काळात पडायची शक्यता पाचात एक. मागच्या-पुढच्या छाया जोडल्या की जवळजवळ निम्मं वर्ष व्यापतं, म्हणजे दोनात एक. दहा घसरणी घेतल्या तर पाच आपोआप तुमच्या बाजूच्या, आणि त्या पाचांची यादी फार प्रभावी दिसते. छाया धरायची की नाही हे तारीख कळायच्या आधी ठरलं, तर मला काहीच म्हणायचं नाही.

अशा जुळवाजुळवीचा कळस डेव्हिड लाइनवेबर यांनी मुद्दाम करून दाखवला आहे. नव्वदच्या दशकात त्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आकडेवारीत धुंडाळलं की अमेरिकेच्या एस अँड पी ५०० निर्देशांकाशी सगळ्यात छान काय जुळतं. उत्तर मिळालं, बांगलादेशातलं लोण्याचं उत्पादन! निर्देशांकातले ७५ टक्के चढउतार एकट्या लोण्याने 'समजावले'. अमेरिकेतलं चीज जोडलं तर ९५ टक्के. दोन्ही देशांतल्या मेंढ्यांची संख्या जोडली तर ९९ टक्के. हे त्यांनी इशारा म्हणून केलं होतं, तरी यंदाच्या लोण्याचे आकडे काय म्हणतात असं विचारणारे फोन त्यांना येत राहिले.

जुना_भिडू:
मी या क्षेत्रात बरीच वर्षं काढली आहेत. पद्धतीपेक्षा ती विकायची तऱ्हा बघा. ६,४०० लोकांची यादी घ्या. निम्म्यांना कळवा की या आठवड्यात बाजार वर, उरलेल्या निम्म्यांना खाली. ज्यांच्याकडे चुकीचं गेलं त्यांना विसरा. राहिले ३,२००. पुन्हा तेच. सहा आठवड्यांनंतर १०० माणसं उरतात. त्यांनी लागोपाठ सहा भाकितं खरी होताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली असतात. सातव्यासाठी ती मागाल ते पैसे देतील. यात ना ग्रह लागतो ना चार्ट.

मोबाइलवरच्या टिप्सच्या एका गटात माझे एक नातेवाईक होते. तिथे चुकलेला कॉल संध्याकाळपर्यंत पुसला जायचा आणि बरोबर आलेल्याचा फोटो दोनदा टाकला जायचा. महिनाभराने वर सरकवत गेलं तर तिथे चुकलेला एकही कॉल नव्हता. त्यांनी भरलेली फी परत मिळाली नाही. त्या पैशापेक्षा मला याचं वाईट वाटतं की त्यांना आजही वाटतं, आपणच एंट्री उशिरा घेतली.

पाटीवरचा_खडू:
जुना_भिडू, तुमचं शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पद्धत कधी चुकत नाही, चुकतो तो भाबडा माणूस. गॅनचा कोन चुकला तर तुम्ही प्रमाण चुकीचं धरलंत, लाट चुकली तर मोजणी चुकली. ज्याचे पैसे गेले त्यालाच अपराधीही ठरवायचं, याचा मला मनापासून राग येतो.

शंकेखोर:
पण जे. पी. मॉर्गनसारखा माणूसही ज्योतिषाचा सल्ला घ्यायचा म्हणतात. लखपती ज्योतिष बघत नाहीत, अब्जाधीश बघतात, असं त्याचं वाक्यच आहे ना?

आकडेमोड:
त्या वाक्याला कुठलाही भक्कम पुरावा नाही, ते त्याच्या नावावर खपवलं जातं. इव्हँजेलिन अ‍ॅडम्स ही न्यूयॉर्कची ज्योतिषी मात्र खरी. मॉर्गन आपला ग्राहक होता असं ती सांगायची. १९१४ मध्ये भविष्य सांगण्यावरून तिच्यावर खटला झाला आणि ती निर्दोष सुटली. आणि मोठी नावंच घ्यायची तर न्यूटन घ्या. ग्रहांच्या गतीचं गणित ज्याने मांडलं, त्याने १७२० मध्ये साउथ सी कंपनीच्या शेअरमध्ये पैसे घातले, नफ्यात बाहेर पडला, मग भाव चढत राहिलेले बघून शिखराजवळ पुन्हा शिरला आणि मोठा तोटा खाऊन बसला.

अर्धचंद्र:
सगळंच थोतांड म्हणून टाकू नका. चंद्राबद्दलचा अभ्यास माहीत आहे का? युआन, झेंग आणि झू यांनी २००६ मध्ये ४८ देशांचे बाजार तपासले. पौर्णिमेच्या आसपासच्या दिवसांत मिळालेला परतावा अमावास्येच्या आसपासच्या दिवसांपेक्षा कमी होता. फरक वर्षाला ३ ते ५ टक्के.

पाटीवरचा_खडू:
अर्धचंद्र, हा प्रतिसाद आल्याचा खरंच आनंद झाला. हर्शलायफर आणि शमवे यांनी २००३ मध्ये २६ देशांत असंच ऊन मोजलं. ज्या सकाळी शहरात लख्ख ऊन असतं त्या दिवशी शेअर बाजार थोडा चढा असतो, असं त्यांना दिसलं. दोन्हींमागचा विचार असा की आकाशाचा परिणाम माणसाच्या मनावर होतो आणि मनाचा सौद्यांवर. त्या फरकात दर पंधरवड्याला खरेदी-विक्री करायची म्हटलं तर दलाली आणि कर त्यातला बराचसा भाग खाऊन टाकतील. शिवाय आकडेमोड यांचं लोणी इथेही आठवायला हवं. पण पौर्णिमा कधी हे शंभर वर्षं आधी सांगता येतं, त्यात ताणायला काही नाही. म्हणून मी हा दावा गॅनच्या कोनाच्या रांगेत बसवणार नाही. तो खोटा ठरू शकतो, आणि तसा तो ठरला तर ते आपल्याला कळेल.

वक्रीमार्गी:
मग मीही तेच करतो. इथेच लिहितो म्हणजे नंतर बदलता येणार नाही. फक्त वक्री काळ, छाया धरणार नाही. तारखा पंचांगात छापलेल्या आहेत त्याच. दावा असा: वक्री काळात निर्देशांकाची रोजची सरासरी हालचाल, वर असो वा खाली, वर्षातल्या इतर दिवसांपेक्षा जास्त असेल. पुढच्या तीन वक्री काळांचे आकडे मी इथे टाकेन.

आकडेमोड:
दावा स्पष्ट आहे, आभार. पण तीन काळ फार कमी आहेत, त्यातून माझंही सिद्ध होणार नाही आणि तुमचंही. मागच्या तीस वर्षांचे रोजचे भाव फुकट मिळतात. नियम तुम्ही आता लिहिलात तसाच ठेवून आधी ते तपासू का? त्यात नव्वदच्या वर वक्री काळ मिळतील.

वक्रीमार्गी:
चालेल. तारखांची यादी मी काढतो, भाव तुम्ही काढा. निर्देशांक कोणता धरायचा ते मात्र यादी हातात यायच्या आधी ठरवा.

आकडेमोड:
एस अँड पी ५००, रोजचा बंद भाव. ठरलं.